‘निवणें’ आणि ‘निवळणें’

जालना जिल्ह्यांतील राजूर येथें अंगारकी चतुर्थीस गणपतीच्या दर्शनाकरितां मोठी गर्दी लोटते. कित्येक भाविक पायींच येतात. उन्हांतून चालून आलेला मनुष्य दर्शन घेऊन बाहेर येतो व म्हणतो, “डोळे निवले.” डोळ्यांस कांहीं ताप भरलेला नसतो; मग निवलें तें काय?

‘निवणें’ याचा मूळ अर्थ उष्णता जाणें. चुलीवरून उतरलेलें दूध निवतें, निखारा निवतो, आणि त्याच न्यायानें रागावलेला मनुष्यही निवतो. संस्कृतांतील ‘निर्वा’ म्हणजे विझणें, या धातूशीं त्याचें नातें आहे. ‘निर्वाण’ हा शब्दही त्याच कुळांतला. अजिंठ्याच्या २६व्या लेण्यांत बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ति आहे. तिच्या नांवांतला शब्द आणि आपल्या घरीं दुधाच्या पातेल्यापाशीं ऐकूं येणारा शब्द हे भाऊबंद आहेत, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

‘निवळणें’ मात्र निराळें. तेथें आग नाहीं, गाळ आहे. पहिल्या पावसाचें गढूळ पाणी घागरींत ठेवलें कीं माती तळाशीं बसते व वरचें पाणी निवळतें. हें लवकर व्हावें म्हणून पूर्वीं निवळीचें बीं भांड्यास आंतून घाशीत. त्यांतील चिकट द्रव्यानें मातीचे कण एकमेकांस धरून जड होतात व खालीं बसतात. (असें पाणी स्वच्छ दिसलें तरी त्यांत रोगजंतु राहूं शकतात; तें उकळूनच प्यावें.) संस्कृतांत या झाडास ‘कतक’ म्हणतात. कतकाचें नुसतें नांव घेतल्यानें पाणी निवळत नाहीं, असें मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत सांगितलें आहे. आणि तेथें पाणी निवळण्यास जें क्रियापद योजिलें आहे, त्याच्याच धातूपासून आपला ‘प्रसन्न’ हा शब्द झाला.

म्हणून तापलेली जमीन निवते, पण आभाळ निवळतें. रागावलेला मनुष्य निवतो, पण गांवांतलें वातावरण निवळतें.

आणखी एक गंमत. या क्रियापदांचा आज्ञार्थ सहसा कोणी वापरीत नाहीं. “गप्प बैस”, “शांत हो” असें आपण दुसऱ्यास बजावतों. निवण्याची आज्ञा कोणी कोणास करीत नाहीं. म्हणतात तें एवढेंच, “त्याला जरा निवूं द्या.” पटांगणांत दोन मुलांची जुंपली असतां मीही पुष्कळदां “शांत व्हा” म्हणून ओरडलों आहें, आणि त्यानें दोघेही अधिकच तापलेले पाहिले आहेत. माझी आई मात्र भांडणाऱ्या भावंडांस दोन खोल्यांत बसवी व आपल्या कामास लागे.