पाच हजार नावांमागचं काम

जिनिव्हाजवळ, जमिनीखाली सुमारे १०० मीटरवर २७ किलोमीटर परिघाचा लार्ज हेड्रॉन कोलायडर आहे. तिथे पीएचडी करणारी मुलं दिवसभर प्रोटॉनांच्या टकरी पाहत असतात, असं पुष्कळांना वाटतं. टक्कर कुणालाच डोळ्यांनी दिसत नाही. प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा आमनेसामने येतात आणि त्यातल्या काही हजारच नोंदी साठवता येतात. कोणत्या ठेवायच्या ते ‘ट्रिगर’ ही यंत्रणा क्षणार्धात ठरवते. तिने टाकलेली नोंद कायमची गेली. या यंत्रणेचा कोड तपासणारे, नियंत्रण कक्षात रात्रपाळी करणारे बरेचजण विशी-तिशीतले असतात.

मग लोक म्हणतात, हे तर तंत्रज्ञाचं काम, यात भौतिकशास्त्र कुठे आलं? मला हाच गैरसमज सर्वांत घातक वाटतो. हिग्ज बोसॉन या कणाचं विघटन होऊन दोन फोटॉन निघतात, तेव्हा त्या फोटॉनांच्या ऊर्जेवरून आणि दिशेवरून हिग्जचं वस्तुमान काढतात. कोलायडरवरच्या सीएमएस प्रयोगात ही ऊर्जा लेड टंगस्टेटच्या सुमारे ७६,००० स्फटिकांत मोजली जाते. किरणोत्सारामुळे स्फटिकांची पारदर्शकता घटत जाते. म्हणून त्यांच्यात लेझरचा प्रकाश सोडून ती घट सतत मोजावी लागते. ही दुरुस्ती चुकली, तर वस्तुमानही चुकलंच. ही दुरुस्ती, म्हणजे कॅलिब्रेशन, करणारी विद्यार्थिनी भौतिकशास्त्रच करत असते. सीएमएसशी आपलाही संबंध आहे: त्याच्या बाह्य हेड्रॉन कॅलरीमीटरच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे.

‘एका निबंधावर हजारो नावं, म्हणजे फुकटचं श्रेय’ हेही नेहमी ऐकू येतं. २०१५ साली हिग्जच्या वस्तुमानावर अ‍ॅटलास आणि सीएमएस या कोलायडरवरच्या दोन प्रयोगांचा संयुक्त निबंध आला, त्यावर ५,१५४ नावं होती. पण अ‍ॅटलासमध्ये नवख्याला आधी प्रयोगासाठी ठरवून दिलेलं तांत्रिक काम पूर्ण करावं लागतं, तेव्हा कुठे यादीत नाव लागतं. यादी आडनावांच्या अक्षरक्रमाने असते, त्यामुळे विश्लेषण प्रत्यक्षात कुणी केलं हे तिच्यावरून कळत नाही.

आणि नवा कण सापडला नाही, तर पीएचडी वाया गेली? डिसेंबर २०१५ मध्ये ७५० जीईव्ही वस्तुमानाच्या आसपास दोन फोटॉनांच्या नोंदी जरा जास्त दिसल्या आणि नव्या कणाच्या आशेने जगभर खळबळ उडाली. ऑगस्ट २०१६ पर्यंत अधिक विदा जमली आणि आलेखातला तो उंचवटा नाहीसा झाला. तो केवळ योगायोग होता हे दाखवणारं विश्लेषणही तितक्याच कसोशीचं असतं. निकालाचा मोह पडू नये म्हणून अनेकदा पद्धत पक्की होईपर्यंत विदेचा महत्त्वाचा भाग उघडतही नाहीत.

म्हणून निवड समित्यांना विनंती आहे: या उमेदवारांच्या निबंधांची संख्या मोजू नका. ‘यातला कोणता भाग तुम्ही स्वतः केला?’ एवढं विचारा आणि उत्तराला पुरेसा वेळ द्या.