वक्तृत्वविचार – लेखांक नववा : श्रोत्याची साक्ष

गेल्या काही लेखांकांत आपण वक्त्याच्या बाजूने विचार केला. भाषणाची तयारी, आवाजाची जोपासना आणि व्यासपीठावर उभे राहण्याची रीत या बाबी पाहिल्या. या आठवड्यात व्यासपीठावरून खाली उतरून श्रोत्यांत येऊन बसावयाचे आहे, आणि नवशिक्या वक्त्याचे भाषण ऐकल्यावर त्याला काय सांगावे, केव्हा सांगावे व किती सांगावे, या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. हा प्रश्न सामान्यतः गौण मानला जातो. परंतु गिरगावातील चाळींच्या चौकांत, दादरच्या सभागृहांत आणि परळ-लालबागच्या उत्सवमंडपांत दरवर्षी जी मुलेमुली आयुष्यात प्रथमच चार लोकांसमोर बोलावयास उभी राहतात, त्यांपैकी पुष्कळ जण पुन्हा कधी उभी राहत नाहीत. आणि याचे कारण बुद्धीची उणीव हे क्वचितच असते, पहिल्या भाषणानंतर त्यांच्या कानांवर जे पडले, किंवा जे मुळीच पडले नाही, त्यातच ते बहुधा सापडते, असे माझे परीक्षकाच्या खुर्चीत बसून बनलेले मत आहे.

या विषयाचा एक उत्तम दाखला आपल्या मुंबईच्याच इतिहासात आहे. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या हालअपेष्टांची हकीकत सांगण्यासाठी बॅरिस्टर मोहनदास करमचंद गांधी १८९६ साली स्वदेशी आले, तेव्हा त्यांचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते आणि सभेत बोलण्याचा प्रसंग आला की त्यांचा धीर सुटत असे. त्यापूर्वी मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिलाच दावा चालविण्यास उभे राहिले असता त्यांच्या तोंडून एक प्रश्नही निघाला नव्हता आणि घेतलेले शुल्क परत करून ते कोर्टाबाहेर पडले होते. अशा या तरुणासाठी २६ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईत जाहीर सभा भरविण्यात आली, आणि तिचे सूत्रधार होते मुंबईचे पुढारी, साक्षात फिरोजशहा मेहता. सभेच्या आदल्या दिवशी सायंकाळी गांधी त्यांच्या कचेरीत गेले, तेव्हा भाषण तयार आहे काय, असे फिरोजशहांनी विचारले. आयत्या वेळी सुचेल ते बोलेन, असे गांधींनी उत्तर दिले. मुंबईत हे चालावयाचे नाही, येथील वृत्तपत्रांत सभांचा वृत्तांत नीट येत नाही, आणि या सभेचा काही उपयोग व्हावयाचा असेल तर भाषण लिहून काढून ते रातोरात छापून घेतले पाहिजे, असे फिरोजशहांनी बजावले. इतकेच नव्हे, तर हस्तलिखित नेण्यासाठी माणूस किती वाजता पाठवावा, हेही तेथल्या तेथे ठरवून टाकले. रात्री अकराची वेळ ठरली.

दुसऱ्या दिवशी सभागृह तुडुंब भरले होते. गांधी भाषण वाचू लागले ते कापत कापतच, आणि आपला आवाज पुढच्या थोड्या लोकांपलीकडे जात नाही, हे त्यांचे त्यांनाच कळत होते. शेजारी बसलेले फिरोजशहा त्यांना उत्तेजन देण्यासाठी वरचेवर ‘मोठ्याने, आणखी मोठ्याने’ असे सांगत राहिले. आणि त्या उत्तेजनाने आवाज चढण्याऐवजी अधिकाधिक खोल जात गेला, असे गांधींनी आपल्या आत्मकथेत नमूद करून ठेवले आहे. शेवटी त्यांचे जुने स्नेही केशवराव देशपांडे मदतीस धावले व त्यांनी कागद हाती घेतले, पण श्रोते ‘वाच्छा, वाच्छा’ असा पुकारा करू लागले. तेव्हा मुंबईचेच दुसरे पुढारी दिनशा वाच्छा उठले आणि त्यांनी ते भाषण असे वाचले की सभा निश्चल झाली, आणि जेथे टाळ्या पडावयाच्या तेथे टाळ्या व जेथे धिक्कार व्हावयाचा तेथे धिक्काराचे उद्गार निघाले. फिरोजशहांना भाषण पसंत पडले आणि त्यामुळे गांधींना परम आनंद झाला.

या प्रसंगात एकाच अधिकारी पुरुषाने एकाच नवशिक्या वक्त्याला चोवीस तासांच्या आत दोन सूचना केल्या. त्यांतील एक सभेला तारून गेली आणि दुसरीने वक्त्याला अधिकच खचविले. दोहोंमागील सद्भाव सारखाच होता, सबब फरक सद्भावात नव्हता. पहिली सूचना वेळेवर आली होती, तिचे कारण स्पष्ट सांगितले होते, आणि ती अमलात आणणे त्या तरुणाच्या पूर्णपणे हाती होते, कारण लिहिण्यास कंठ लागत नाही, टेबलखुर्ची आणि रात्रीचे काही तास पुरतात. दुसरी सूचना भाषण चालू असताना आली, आणि भीतीने जी गोष्ट हिरावून नेली होती नेमकी तीच तिने मागितली. ज्याचा कंठ दाटून आला आहे त्याला ‘मोठ्याने बोल’ असे म्हणणे म्हणजे त्याच्या दुर्बलतेची जाहीर वाच्यता करणे होय. त्याचे अर्धे लक्ष आधीच स्वतःच्या थरथरणाऱ्या हातांकडे असते, उरलेले अर्धेही या सूचनेने तिकडेच ओढले जाते. आणि आवाज बंद पडल्यावर भाषण दुसऱ्याच्या मुखातून का होईना सभेपर्यंत पोहोचले, ते आदल्या सायंकाळच्या सूचनेमुळे ते कागदावर उतरले होते म्हणून. माझा आग्रह असा की, वक्त्याला सांगावयाचे ते शक्य तितके भाषणाच्या आधी, आणि आधी जमले नाही तर भाषण पूर्ण होऊन त्याचा श्वास ठिकाणावर आल्यानंतर सांगावे. मध्ये मात्र कधीही सांगू नये.

आता काय सांगावे हा प्रश्न. आपल्याकडे अभिप्राय देणारा मनुष्य स्वतःकडे मुन्सफाची भूमिका घेतो व ‘भाषण चांगले झाले’ किंवा ‘प्रभाव पडला नाही’ असा फैसला सुनावतो. स्पर्धेत क्रमांक लावण्यासाठी फैसला आवश्यक आहेच, त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु पुढचे भाषण सुधारण्यास त्याचा काडीइतकाही उपयोग होत नाही. वक्त्याला खरी गरज असते ती साक्षीदाराची. आपण काय बोललो हे त्याला माहीत असते, पण त्यातले समोर काय पोहोचले हे त्याला कधीच कळू शकत नाही, आणि तेवढेच श्रोत्याला निश्चितपणे ठाऊक असते. म्हणून चांगला अभिप्राय असा असतो: मी मंडपाच्या मागच्या बाजूस, खांबाजवळ बसलो होतो, तुझी वाक्ये मला सुरुवातीस ऐकू येत होती, पण प्रत्येक वाक्याचा शेवट ऐकू येत नव्हता.

हे उदाहरण मी सहज दिलेले नाही. मराठी वाक्याची ठेवणच अशी आहे की क्रियापद शेवटी येते आणि होकार-नकारही तेथेच ठरतो. ‘या प्रथेचे मी समर्थन करीत’ येथवर ऐकू आले आणि पुढचा एक शब्द गिळला गेला, तर वक्ता त्या प्रथेच्या बाजूचा की विरुद्ध, हे श्रोत्याला उमगत नाही. नवशिक्या वक्त्याचा श्वास नेमका याच ठिकाणी संपतो. त्याला ‘आवाज वाढव’ असे सांगितले तर तो पहिला शब्द ओरडून उच्चारतो आणि शेवटचा पूर्वीसारखाच गिळतो. परंतु ‘क्रियापदापर्यंत श्वास राखून ठेव, आणि त्यासाठी वाक्य लहान कर’ असे सांगितले तर आठवड्याभराच्या तालमीने फरक पडतो.

लालबागच्या एका चाळीतील उत्सवात मी ऐकलेले एका शाळकरी मुलाचे भाषण येथे आठवते. त्याची प्रस्तावना कोणा वडीलधाऱ्याने लिहून दिलेली, भारदस्त शब्दांनी भरलेली आणि तोंडपाठ केलेली होती. मंडपात त्या वेळी मागे गप्पा चालू होत्या. मग पाठ केलेला मजकूर मध्येच विसरल्यामुळे तो घटकाभर थांबला, आणि १९८२ च्या संपानंतर गिरणीचा भोंगा बंद झाला तरी आपले आजोबा पुढे कित्येक वर्षे त्याच वेळेला उठून बसत, असे त्याने आपल्या साध्या बोलीत सांगितले. मागच्या गप्पा तत्क्षणी थांबल्या. भाषण संपल्यावर त्या मुलाभोवती जी मंडळी जमली, त्यांनी त्याला सांगितले ते एवढेच की, ‘अरे, मध्येच अडखळलास.’ ते खरेच होते. पण अडखळल्यानंतर काय घडले हे त्याला कोणी सांगितले नाही, आणि व्यासपीठावरून त्याला ते दिसलेले असणे शक्य नव्हते. मी त्याला बाजूला घेऊन सांगितले की, बाळ, आजोबांची गोष्ट तू सुरू केलीस तेव्हा मागची माणसे गप्प झाली. याहून अधिक काही सांगण्याची आवश्यकता मला वाटली नाही.

‘छान’ या एका शब्दाने केलेली स्तुती कानाला गोड लागते, पण तिच्यावरून वक्त्याला काय टिकवावे हे कळत नाही. नेमके काय छान झाले ते सांगितले तरच ती त्याच्या कामास येते. दोषांच्या बाबतीत तर मी याहून कडक नियम पाळतो: एका वेळी एकच दोष, आणि तोही असा की जो पुढच्या भाषणापर्यंत दूर करता येईल. जो मनुष्य एकाच बैठकीत हातवारे, नजर, उच्चार, वेळ आणि अवतरणे या सर्वांची उजळणी करतो, त्याचे ज्ञान सिद्ध होते, परंतु पुढच्या खेपेस व्यासपीठावर चढताना त्या पोराच्या डोक्यात पाच हुकूम असतात आणि विषय मात्र हरवलेला असतो.

उच्चारांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण परळ-लालबागच्या गिरणगावात या बाबतीत फार अन्याय झाला आहे. या वस्तीत रत्नागिरी-मालवणकडून आणि साताऱ्याच्या घाटावरून आलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिली. कोणाच्या घरी ‘इलो’ म्हणतात, कोणाच्या घरी ‘व्हतं’ आणि ‘न्हाय’. अशा घरातील मुलगी बोलावयास उभी राहिली आणि तिने ‘पाणी’च्या ऐवजी ‘पानी’ म्हटले, की गुणपत्रिकेतील भाषाशुद्धीच्या रकान्यात तिचे गुण कापले जातात. अस्पष्ट उच्चार हा दोष आहे, कारण त्याने अर्थ पोहोचत नाही. पण ‘पानी’ म्हटल्याने कोणाही श्रोत्याला अर्थ कळला नाही, असे घडत नाही. परळच्या दामोदर हॉलमध्ये १९२४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने भरलेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेचा उगम झाला. ज्यांना शतकानुशतके सभेत तोंड उघडण्याची मुभा नव्हती, अशा समाजातील माणसे त्यानंतर याच परिसरात उभी राहून बोलू लागली. त्या माणसांपुढे कोणी नकार-णकाराची चाळणी धरली असती, तर किती मोलाचे बोलणे ओठांतच राहिले असते, याचा विचार परीक्षकांनी अवश्य करावा. प्रमाण भाषा शिकवावी, पण ती शाळेत, निवांतपणे. पहिल्या भाषणाच्या जमाखर्चात तिची वसुली करू नये.

स्पर्धांच्या व्यवस्थेसंबंधी दोन गोष्टी. बक्षीस समारंभापूर्वी परीक्षकांनी मनोगत व्यक्त करावे असा रिवाज आहे, आणि त्यात ‘अमुक क्रमांकाच्या स्पर्धकाने’ असे म्हणून दोषांचा पाढा वाचला जातो, त्या स्पर्धकाचे आईवडील समोरच्या खुर्च्यांवर बसलेले असताना. हा रिवाज सर्वस्वी बंद व्हावा. जाहीरपणे बोलावयाचे ते सर्वांना लागू पडेल असे बोलावे. व्यक्तीसाठी गुणपत्रिकेच्या पाठीवर दोन ओळी लिहून ती पत्रिका तिच्या हाती द्यावी. दुसरी गोष्ट घंटेची. डिसेंबर १९०१ मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये गांधी दक्षिण आफ्रिकेविषयीचा ठराव मांडण्यास उभे राहिले, तेव्हा अध्यक्षस्थानी तेच दिनशा वाच्छा होते. त्यांनी घंटा वाजविली, ती आणखी दोन मिनिटे उरली आहेत याची सूचना होती, पण गांधींना तो संकेत ठाऊक नसल्याने ते मनातून दुखावले व तत्काळ खाली बसले. पाच वर्षांपूर्वी ज्याचे भाषण स्वतः वाचून दाखविले त्या तरुणाला वाच्छा दुखवू इच्छीत असतील, हे संभवत नाही. पहिल्या व दुसऱ्या घंटेचा अर्थ स्पर्धेपूर्वी प्रत्येकाला समजावून सांगण्यास एक मिनिट लागते, आणि ते मिनिट आजही अनेक संयोजक खर्च करीत नाहीत.

हे सर्व स्पर्धेच्या धामधुमीत पूर्णत्वाने साधणार नाही, त्यासाठी नियमाने भरणारी लहान मंडळे हवीत. मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १८४८ साली अशीच एक सभा स्थापन केली आणि तिच्या ज्ञानप्रसारक या मराठी शाखेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे आले. तेथे सभासद निबंध वाचीत. अशा मंडळात आजचा टीकाकार उद्याचा वक्ता असतो, आणि आपली पाळी येणार आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याची जीभ आपोआप जबाबदारीने चालते. परळ, दादर, गिरगाव येथील वाचनालयांनी आठवड्यातून एक सायंकाळ व एक खोली यासाठी दिली तर वर्षभरात केवढे काम होईल!

राहता राहिला खुद्द वक्ता. त्याने ‘कसे झाले?’ असे कोणालाही विचारू नये, कारण या प्रश्नाला सभ्य मनुष्य ‘छान’ याखेरीज दुसरे उत्तर देऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी एखाद्या शेजाऱ्याला किंवा मावशी-काकांना त्याने ‘कालच्या माझ्या बोलण्यातले काय लक्षात राहिले?’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत स्वस्थ राहावे. जे लक्षात राहिले ते त्याने ठरविलेल्या मुख्य मुद्द्याहून निराळे निघाले, तर उच्चार-हावभावांची चिंता तूर्त बाजूस ठेवून भाषणाची रचना पुन्हा तपासावी लागते. प्रस्तावना किती लांब असावी आणि मुख्य मुद्दा कोठे यावा, हा त्या रचनेतील सर्वांत अवघड प्रश्न असून त्याचा विचार पुढील लेखांकात करू.