दीड हजारांची ओवाळणी

२०२४ ची भाऊबीज रविवारी आली, ३ नोव्हेंबरला. माझा थोरला भाऊ दादरहून नेरळला येतो तो नेमाने कर्जत लोकलने, आणि आल्याआल्या दरवर्षी एकच वाक्य बोलतो, "काय गं हे गाव, आणखी दोन टॉवर उभे राहिले." ओवाळणं झालं, फराळाची ताटं ओटीवर आली आणि बघता बघता चौघं-पाच तरुण मंडळी जमली. आमच्या ओटीला तशी सवय आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून कोणाचा कर्जाचा अर्ज, कोणाचा पीएफचा फॉर्म, असं काही ना काही घेऊन पोरं येतात आणि काम झालं तरी उठत नाहीत.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, विधानसभेसाठी अर्ज मागे घेण्याची शेवटची मुदत होती. आमच्या कर्जत-खालापूरच्या मतदारसंघात दोन शिवसेना समोरासमोर. शिंद्यांकडून विद्यमान आमदार महेंद्र थोरवे, ठाकऱ्यांकडून नितीन सावंत, आणि शिवाय राष्ट्रवादीतून येऊन अपक्ष उभे राहिलेले सुधाकर घारे. ते माघार घेतात की नाही, यावर ओटीवर पैजा लागल्या होत्या. माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सी चालवणारा आमच्या आळीतला एक मुलगा छातीठोकपणे सांगत होता की घेणार नाहीत. तो रोज पन्नास माणसांची बोलणी ऐकतो, त्यामुळे त्याच्या अंदाजाला वजन असतं.

पण माणसांवरची चर्चा लौकरच संपली. मला याचं नवल वाटलं. आम्ही पहिलं मत दिलं ते डिसेंबर १९८४ मध्ये. मतदानाचं वय तेव्हा एकवीस होतं, ते अठरावर आलं १९८९ साली. इंदिराबाईंच्या हत्येला दोन महिनेही झाले नव्हते आणि सगळा देश एका भावनेवर मत देत होता. अर्थसंकल्प, तूट, व्याज हे शब्द माझ्या नोकरीत होते, मतात नव्हते. या मुलांचं मात्र पाचच मिनिटांत 'लाडक्या बहिणी'वर घसरलं.

ऐरोलीच्या एका कंपनीत संगणकावर काम करणारा मुलगा, म्हणजे रोज ठाण्याला गाडी बदलून दोन्ही वेळेला धक्के खाणारा, मोबाइलवर आकडेच घेऊन बसला होता. "काकू, वर्षाला ४६ हजार कोटी. राज्यावर कर्ज पावणेआठ लाख कोटींच्या घरात. म्हणजे तुमच्या-माझ्या डोक्यावर प्रत्येकी साठ हजार. हे कोण फेडणार?" मी मनातल्या मनात भागाकार केला, सवयच ती. दीड हजार गुणिले बारा म्हणजे अठरा हजार, त्याने ४६ हजार कोटींना भागलं की अडीच कोटींहून जास्त बायका होतात. हिशेब बरोबर होता. शेजारचा एमपीएससीचा अभ्यास करणारा म्हणाला, एवढ्या पैशांत किती रिकाम्या जागा भरल्या असत्या! टॅक्सीवाला म्हणाला, "माझा गाडीचा हप्ता एक दिवस चुकला तर फायनान्सवाला दारात. मला नाही कोणी लाडका भाऊ म्हणत."

हे सगळं चाललेलं असताना ओटीच्या पायरीवर एक मुलगी गप्प बसून चिवड्यातले शेंगदाणे वेचत होती. तिची आई पंधरा वर्षं आमच्याकडे कामाला येते. मुलगी बी.कॉम.ला, तेव्हा वीस वर्षांची. आई दोन दिवस आली नव्हती, कारण भात कापताना विळा लागून तिचं बोट फाटलं होतं. स्वतःचं भात नव्हे, दुसऱ्याचं. त्यांची तीस गुंठे जमीन कधीच गेली. आधी पीककर्ज, मग मोठ्या मुलीचं लग्न, मग मुंबईचा एक साहेब फार्महाऊससाठी जागा बघत आला. कर्जत तालुक्यात ही गोष्ट प्रत्येक पाड्यावर सापडेल, त्यात नवं काही नाही. नवं एवढंच, की तिचा बाप आज त्याच फार्महाऊसवर रखवालदार आहे. आपल्याच बांधावर उभा राहून तो दुसऱ्याच्या गाडीसाठी फाटक उघडतो.

ऐरोलीवाला म्हणाला, "फुकटच्या पैशांनी माणूस आळशी होतो." तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"मावशी, तुम्हाला पेन्शन येते ना? ती कष्टाची. माझी आई सोळाव्या वर्षापासून चिखलात उभी आहे. तिला पाच महिन्यांचे साडेसात हजार मिळाले तर ते फुकटचे?"

मी बँकवाली. मी लगेच समजावू लागले, की आमची पेन्शन सरकार देत नाही, आम्ही भविष्यनिर्वाह निधीतला बँकेचा हिस्सा सोडला, त्याचा फंड झाला, त्यातून ती येते. यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी तिच्या प्रश्नाचं उत्तर देतच नाहीये. तिला फंडाचा उगम विचारायचा नव्हता. तिच्या आईच्या चाळीस वर्षांच्या कष्टाचा फंड कुठे गेला, हे तिला विचारायचं होतं.

मग विषय कर्जमाफीवर गेला, जाणारच. 'उद्योगपतींचे लाखो कोटी माफ केले' असं एमपीएससीवाला म्हणाला आणि मला राहवेना. वाचकहो, एवढं एक सांगू द्या, कारण हा घोळ मी रोज ऐकते. कर्ज 'राइट ऑफ' करणं म्हणजे माफ करणं नव्हे. बुडीत कर्जासाठी बँक आपल्या नफ्यातून तरतूद करते आणि ते खातं ताळेबंदातून बाजूला काढते. कर्जदार देणेकरीच राहतो आणि वसुली कागदावर तरी चालू राहते. माफीत सरकार बँकेला पैसे भरतं आणि कर्जदार मोकळा होतो. फरक मोठा आहे. पण राइट ऑफ झालेल्या खात्यांतून पुढे किती परत येतं, हे मी शाखेत बसून पाहिलेलं आहे, त्यामुळे त्या मुलाला फार जोरात खोडून काढायचा धीर मला झाला नाही.

माफी मी पाहिली ती १९९० ची. विश्वनाथ प्रताप सिंगांच्या सरकारची दहा हजारांपर्यंतची. अट अशी, की २ ऑक्टोबर १९८९ रोजी कर्ज थकलेलं हवं. रायगडातल्याच एका शाखेत मी होते. याद्या लागल्या आणि दुसऱ्या दिवशी एक म्हातारे शेतकरी काउंटरशी येऊन उभे राहिले. आदल्या पावसाळ्यात बैल विकून त्यांनी कर्ज चुकतं केलं होतं. ते भांडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, माझं चुकलं का?" २००८ ची माफी आली, २०१७ ची आली, २०१९ ची आली. प्रत्येक वेळी मला ते म्हातारे आठवले. पण खरं सांगायचं तर ज्यांची नावं त्या यादीत होती, त्यांचे चेहरेही मला आठवतात. त्यांना मी आळशी म्हणू शकत नाही.

एवढ्यात भावाच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल आला. भावाची नात, न्यू जर्सीत वाढलेली, आता फिलाडेल्फियात कॉलेजला. आमचे संध्याकाळचे सात, तिच्याकडे सकाळचे साडेआठ. त्याच पहाटे तिकडची घड्याळं तासभर मागे गेली होती, तरी पोरीचे डोळे झोपेतच होते. दोन दिवसांनी तिचं आयुष्यातलं पहिलं मतदान होतं, आणि तेही अध्यक्षपदाचं. "आत्याआजी, मी इथे पेनसिल्वेनियात नाव नोंदवलंय. घरी न्यू जर्सीत मत दिलं असतं तर कोण जिंकणार ते ठरलेलंच. इथे १९ इलेक्टोरल मतं आहेत आणि कोणाची ते ठरलेलं नाही."

फोन ओटीवर फिरला. आमच्या टॅक्सीवाल्याने तिला विचारलं, तुमच्याकडे काय देणार आहेत? ती हसली, पण सांगू लागली. कमला हॅरिस पहिलं घर घेणाऱ्याला २५ हजार डॉलरची मदत देऊ म्हणतात. ट्रम्प म्हणतात बाहेरच्या मालावर जकात लावू आणि हॉटेलातल्या टिपवरचा कर काढू. टिपवरचा कर काढायला तर हॅरिसही तयार आहेत. तिच्या खोलीतल्या तिघींची तीन मतं, आणि महिनाभर त्यांच्यात किराण्याच्या भावावरून वादावादी. तिच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे. बायडेन यांनी प्रत्येकी दहा हजार डॉलरपर्यंत, काहींना वीस हजारांपर्यंत, कर्जमाफी जाहीर केली होती, ती जून २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने रद्द केली. "आणि ज्यांनी आधीच फेडलं होतं ते म्हणत होते, आमचं काय?" ती म्हणाली. मी भावाकडे पाहिलं. दहा हजार! चलन वेगळं, वर्ष वेगळं, आणि काउंटरशी उभा असलेला प्रश्न तोच.

"आपण का नाही निवडत राष्ट्रपती?" टॅक्सीवाल्याने फोन ठेवल्यावर विचारलं. मी सांगितलं, आपल्याकडे खासदार-आमदार निवडतात, आणि त्यात महाराष्ट्राच्या आमदाराच्या एका मताचं मूल्य १७५ असतं. तेही १९७१ च्या लोकसंख्येवरून काढलेलं. "म्हणजे कर्जतच्या आमदाराचे १७५ आणि माझं एक!" त्याला हे फारच लागलेलं दिसलं.

पायरीवरची मुलगी जायला उठली. मी करंज्यांचा डबा द्यायला आत नेलं तेव्हा खरी गोष्ट कळली. घरी दोन दिवस मायलेकींचा अबोला होता. आईचं म्हणणं, ज्यांनी खात्यात पैसे घातले त्यांचं मीठ खाल्लं, मत त्यांनाच. मुलगी म्हणे, पैसे तिजोरीतले आहेत, मीठ कोणाचंच नाही, तू तुला पटेल त्याला दे. आईने तिला विचारलं होतं, "आजवर माझ्या नावाचं बँकेत खातं तरी कोणी उघडलं होतं का? तुझ्या बापाने? तुझ्या मावशीने?" मावशी म्हणजे मी. पंधरा वर्षं ती माझ्या घरात भांडी घासते, मी अडतीस वर्षं बँकेत काढली, आणि तिचं खातं उघडलं ते २०२४ च्या जुलैत, फॉर्म भरायला लागला म्हणून. मी डब्याचं झाकण लावत राहिले. लागत नव्हतं.

पुढचे तीन दिवस विचित्र गेले. मंगळवारी कोल्हापुरात एकनाथ शिंद्यांनी दीड हजारांचे २१०० करू असं जाहीर केलं. बुधवारी सकाळी अमेरिकेचे निकाल येऊ लागले, पेनसिल्वेनिया ट्रम्प यांच्याकडे गेलं, आणि त्याच संध्याकाळी मुंबईत महाविकास आघाडीने महिन्याला ३००० देऊ म्हणून सांगितलं. मुलगी कपडे वाळत घालायला आली होती. "मावशी, लिलाव चाललाय का?" म्हणाली. तिच्या स्वतःच्या पदरात तर काहीच पडणार नव्हतं. मत द्यायला अठरा वर्षं पुरतात, बहीण व्हायला एकवीस लागतात.

या तालुक्यात पैशाचा प्रश्न काही नवा नाही. माथेरानच्या भाई कोतवालांनी, सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ ला हुतात्मा होण्याच्या आधी, इथल्या शेतकऱ्यांना सावकारापासून सोडवायला धान्याच्या पेढ्या काढल्या होत्या. अडीनडीला भात न्यायचं आणि सुगीला परत घालायचं. मी हे त्या मुलीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण तेव्हा परत घालायला शेत होतं."

२० नोव्हेंबरला मायलेकी बरोबरच शाळेत जाऊन मत देऊन आल्या. अबोला सुटला होता. कोणाला दिलं ते दोघींनी एकमेकींनाही सांगितलं नाही म्हणे. टॅक्सीवाल्याचा अंदाज खरा ठरला होता, घारे मैदानात राहिले आणि थोरवे थोडक्या मतांनी निवडून आले. राज्यात महायुतीला मोठं बहुमत मिळालं. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात २१०० काही आले नाहीत. तरतूद ३६ हजार कोटींची झाली, आधीपेक्षा कमी. ऐरोलीवाला हिशेब दाखवायला आला होता, पण 'मी म्हटलं होतं ना' असं तो म्हणाला नाही. त्याच्या आईचंही नाव यादीत आहे, हे मला नंतर कळलं. एप्रिलमध्ये ट्रम्प यांच्या जकाती आल्या आणि फिलाडेल्फियाहून फोन आला. "आत्याआजी, आमच्या खोलीत पुन्हा भांडण."

सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने लाडक्या बहिणींना ई-केवायसी सक्तीची केली. विवाहितेला स्वतःच्या आधारबरोबर नवऱ्याचंही आधार लागलं. एका संध्याकाळी मायलेकी आल्या. मुलगी आता एकवीस वर्षांची, नेरळच्याच एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिते. माझ्या ओटीवर बसून तिने आईचा नंबर घातला, तो चटकन झाला. मग बापाचा. ओटीपी बापाच्या मोबाइलवर जाणार, आणि बाप फार्महाऊसवर, डोंगराच्या कुशीत, जिथे रेंज येत नाही. तिने दहा वेळा फोन लावला. शेवटी टॅक्सीवाल्या मुलाला हाक मारली. तो म्हणाला, चल, गाडीने जाऊन येऊ. ती दोघं निघाली, आणि आम्ही दोघी बायका पडद्यावर मागे मागे येणारे सेकंद बघत बसलो.