कुलूपबंद पीडीएफ आणि पार्ल्याचा मेल सर्व्हर

मेल सर्व्हर फ्रीबीएसडी या युनिक्स-वंशाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत असेल तर त्याला स्वतःला विषाणूची फारशी भीती नसते. ईमेलमधून फिरणारे बहुतेक घातक प्रोग्राम विंडोजसाठी लिहिलेले असतात. इथे ते नुसती फाईल म्हणून पडून राहतात. तरीही अँटिव्हायरस लागतो, कारण तीच फाईल पुढे ज्यांच्या टेबलावर उघडणार ती माणसं विंडोजवर काम करतात. विलेपार्ले पूर्वेला, हनुमान रस्त्याच्या आसपास, सीए मंडळींची अशी बरीच लहान ऑफिसं आहेत. त्यांतल्याच एका ऑफिसात अँटिव्हायरसची निवड होताना मी शेजारी बसून पाहिली. जुलै चालू होता. बाहेर पाऊस, आत विवरणपत्रांची घाई.

आधीचा विषाणू-स्कॅनर विकत घेतलेला होता. कंपनीने फ्रीबीएसडीची आवृत्ती बंद करत असल्याचं कळवलं आणि प्रश्न उभा राहिला. हे या ऑफिसपुरतं नाही. अविरा या अँटिव्हायरस कंपनीने लिनक्स-युनिक्सवरची आपली उत्पादनं २०१६ साली थांबवली. एफ-प्रॉट, ज्याची फ्रीबीएसडी आवृत्ती अनेक मेल सर्व्हरांवर असे, २०२१ मध्ये पूर्णच मिटलं. कंपनीचा हिशेब सरळ असतो: गिऱ्हाइकं विंडोजवर, मग थोडी लिनक्सवर, आणि उरलेल्यांसाठी वेगळा माणूस ठेवणं परवडत नाही. पुण्याच्या क्विक हीलची सुरुवातही नव्वदीच्या दशकात डॉसच्या संगणकांपासून झाली. जिथे लोक होते तिथे ते गेले.

त्यामुळे सर्व्हर सांभाळणाऱ्या गृहस्थांनी ‘किती विषाणू पकडतो’ या तक्त्यांना हातच लावला नाही. त्यांचा पहिला प्रश्न वेगळा होता: बनवणाऱ्याने पाठ फिरवली तर हे आपल्याला चालू ठेवता येईल का? मला हाच प्रश्न बरोबर वाटतो. डॉक्टर वेब आजही फ्रीबीएसडीसाठी मेल स्कॅनर देतं, त्याचाही विचार झाला, पण तोही शेवटी कंपनीच्याच मर्जीवर. लिनक्सचा स्कॅनर फ्रीबीएसडीच्या लिनक्स-सुसंगत थरावर चालवण्याचाही झाला. पण एखाद्या अपडेटनंतर तो बिघडला तर कंपनी ‘ही सिस्टिम आमच्या यादीत नाही’ एवढंच सांगणार. शेवटी बोट क्लॅमएव्हीवर थांबलं. पोलंडच्या तोमाश कोइम यांनी सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प २००७ मध्ये सोर्सफायर कंपनीकडे आणि २०१३ मध्ये सोर्सफायरसकट सिस्कोकडे गेला. मालक बदलले, पण सोर्स कोड उघडा राहिला, म्हणून फ्रीबीएसडीच्या पोर्ट्स या प्रोग्राम-संग्रहात तो आजही तयार होतो.

उघडा कोड म्हणजे कायमची निश्चिंती, असंही नाही. २०२२ पासून क्लॅमएव्ही बांधायला रस्ट भाषेचा कंपायलर लागतो. नेहमीच्या इंटेल यंत्रावर फ्रीबीएसडी असेल तर अडचण नाही. पण जुन्या स्पार्क यंत्रावर सोलारिस किंवा नेटबीएसडी चालवणाऱ्याची वाट तिथे अरुंद होते. आणि आवृत्ती जुनी ठेवण्याची किंमत १५ एप्रिल २०१० रोजी अनेकांनी मोजली आहे. ०.९४ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना लांबलचक सिग्नेचर, म्हणजे विषाणूंच्या ओळखखुणा, पचत नव्हत्या. महिनोन् महिने आधी सूचना देऊन प्रकल्पाने त्या दिवशी अशी एक सिग्नेचर सोडली की जुने स्कॅनर बंद पडले. जगभर कित्येक ठिकाणी ईमेल थांबले. स्कॅनर बसवण्यापेक्षा तो ताजा ठेवणं हेच मोठं काम आहे.

बसवताना वेळ गेला तो मेमरीत. क्लॅमएव्ही सिग्नेचरची सगळी यादी मेमरीत धरून ठेवतो. एक जीबीहून जास्त जागा त्यातच जाते, आणि नवी यादी आली की काही क्षण जुनी-नवी दोन्ही आत असतात. जुन्या स्कॅनरला पुरणारी मेमरी इथे पुरली नाही, ती वाढवावी लागली.

जोडणी पोस्टफिक्स या मेल प्रोग्रामला मिल्टर या तपासणीच्या दुव्याने केली. म्हणजे ‘ईमेल मिळाला’ असं पाठवणाऱ्या सर्व्हरला सांगण्याआधीच तपासणी होते आणि नको तो दारातच नाकारला जातो. आधी स्वीकारून मग परत पाठवणं चूक, कारण विषाणूच्या ईमेलवरचा पत्ता बहुधा खोटा असतो. २००४ च्या मायडूम विषाणूच्या साथीत अशा परतीच्या निरोपांनी निरपराध लोकांच्या पेट्या भरल्या होत्या. स्कॅनरच बंद पडला तर? तेव्हा तात्पुरता नकार द्यायचा. पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स तर मुळात पाच दिवस करत राहतो. उशीर चालेल, न तपासलेला ईमेल नको, असं मॅडमनी, म्हणजे भागीदार सीएंनी, ठरवलं.

पण दुसऱ्याच दिवशी त्यांचा आवाज आला, “सर, क्लायंटचं एआयएस येतच नाहीये!”

तपासल्यावर कारण सापडलं. उघडता न येणारी कुलूपबंद फाईल दिसली की नाकार, असा पर्याय चालू केला होता. सावधपणा म्हणून तो योग्यच, पण सीएच्या ऑफिसात कागदच कुलूपबंद येतात. आयकर पोर्टलवरून उतरवलेल्या एआयएसच्या, म्हणजे करदात्याच्या वार्षिक माहितीपत्रकाच्या, पीडीएफचा पासवर्ड म्हणजे पॅन आणि जन्मतारीख. बँकांची स्टेटमेंटंही तशीच. यातलं काहीच स्कॅनरला वाचता येत नाही, कोणत्याही कंपनीचा असो. क्लॅमएव्हीत कुलूपबंद कागदपत्रं आणि कुलूपबंद झिप यांचे पर्याय वेगळे आहेत. पीडीएफला वाट दिली, झिपला नाही. पासवर्ड त्याच ईमेलात लिहिलेली झिप ही विषाणू पाठवणाऱ्यांची जुनी युक्ती आहे.

इथेच मला या कामाचं खरं मर्म दिसलं. क्लॅमएव्ही नवे विषाणू ओळखण्यात महागड्या स्कॅनरांच्या मागे राहतो, हे ते गृहस्थ मोकळेपणाने सांगतात. ती कसर नियमांनी भरून काढावी लागते, आणि नियम ऑफिसचं काम ओळखणाऱ्यालाच करता येतात. चालवता येणाऱ्या फायली, जावास्क्रिप्ट, डिस्क इमेज सरसकट बंद. मॅक्रो असलेल्या एक्सेल फायलीही बंद. त्यावर कुरकुर झाली, कारण जीएसटीच्या ऑफलाइन टूलमध्ये आणि आयकर खात्याच्या एक्सेल युटिलिटीत मॅक्रो असतात. त्या पोर्टलवरूनच उतरवायच्या, ईमेलने फिरवायच्या नाहीत, असं ठरलं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे, म्हणून नाकारलेल्या प्रत्येक ईमेलची नोंदही त्यातच राहते.

चाचणीला ईकार फाईल वापरली. ती ६८ अक्षरांची निरुपद्रवी ओळ आहे. सगळे स्कॅनर तिला ठरवून विषाणू मानतात. साधी पाठवली, झिपमध्ये, झिपच्या आतल्या झिपमध्ये, नाव बदलून, बाहेर जाणाऱ्या ईमेललाही जोडून. सगळीकडे अडली. आता दर अपडेटनंतर ती बाहेरच्या पत्त्यावरून पाठवून पाहायचं काम ऑफिसातल्या आर्टिकलशिपच्या मुलीकडे आहे. अडली नाही तर तिने आधी सर्व्हरवाल्या काकांना फोन करायचा, मग मॅडमना सांगायचं.