परीराणीला किती ताकद द्यावी?

मराठीत परी म्हटलं की पंख, जादूची कांडी आणि तीन वर एवढंच डोळ्यांसमोर येतं. टेबलटॉप रोल-प्लेइंग गेममधली परीराणी मात्र वेगळी असते. ती जंगलाची, कधी अख्ख्या ऋतूची मालकीण असते. ती माणसांशी सौदे करते आणि तिला आपल्या पापपुण्याशी काही देणंघेणं नसतं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चारपाच जण टेबलाभोवती बसून, फासे टाकत, बोलत बोलत एक गोष्ट रचतात. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र होऊन तिच्यात शिरतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला आणि हा प्रकार रुजला. करोंदमधल्या आमच्या गटात गोष्ट चालवायचं काम माझ्याकडे आहे.

आमच्या गोष्टीत एका पात्राने भावाचा जीव वाचवण्यासाठी परीराणीला स्वतःच्या आईचा आवाज देऊन टाकलाय. आठवणीतली आई आता तिच्याशी बोलत नाही. तेव्हापासून आमच्यात वाद पेटलाय: या राणीला मारता यावं की नाही?

मारता यावं म्हणणाऱ्यांना आकडे हवेत. या खेळात प्रत्येकाचा जीव 'हिट पॉइंट'मध्ये मोजतात. १९८० साली आलेल्या 'डीटीज अँड डेमीगॉड्स' या पुस्तकाने देवांनासुद्धा आकडे लावले. त्यात ग्रीकांचा झ्यूस ४०० हिट पॉइंटचा आहे आणि आपला इंद्रही यादीत आहे. गंमत वाटते, पण एकदा आकडा लावला की खेळणारा हिशेब मांडतो: एका वारात चाळीस, म्हणजे दहा वार. मग राणी उरत नाही, मोठ्या साइजचा लांडगा उरतो. शिवाय दहा वारांत आवाज परत मिळणार असेल, तर तो देताना केलेल्या त्यागाला काय अर्थ राहिला?

दुसरी बाजू म्हणते, राणीला आकडाच नको, ती अजिंक्य. पण मग ती म्हणेल तेच होणार आणि बाकीच्यांनी नुसतं ऐकत बसायचं. फासे कशाला टाकायचे? सर्वसमर्थ आपण देवाला म्हणतो. गोष्टीतल्या राणीला ती जागा दिली, तर माणसांच्या निवडीला जागाच उरत नाही.

माझं म्हणणं असं की 'किती' हा प्रश्नच अपुरा आहे. ताकद कुठे चालते, कशाच्या बदल्यात मिळते आणि कशाने बांधलेली आहे, हे विचारायला हवं.

शेक्सपिअरचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' घ्या. एका भारतीय मुलावरून टायटेनिया आणि ओबेरॉन भांडतात, तर नद्यांना पूर येतो, पिकं कुजतात, ऋतू उलटेपालटे होतात. एवढी त्यांची सत्ता! आणि हीच टायटेनिया डोळ्यांवर एका फुलाचा रस पडताच गाढवाच्या डोक्याच्या विणकरावर भाळते. तलवारीने ती हरली नसती, फुलाने हरली.

आपला वेताळ बघा. लोककथेत तो उज्जैनच्या, म्हणजे आपल्या शेजारच्या, विक्रमाच्या खांद्यावर बसतो. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त राजा आहे गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, त्रिविक्रमसेन. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, आणि बोललास तर मी परत झाडावर. या नियमात राजा अडकतो तसा वेताळही अडकतो, कारण बरोबर उत्तर मिळाल्यावर त्याला जावंच लागतं. सिंधुदुर्गातल्या आरवलीच्या वेतोबाला भक्त चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. म्हणजे त्याच्या सत्तेला एक हद्द आहे आणि एक कामही आहे.

खऱ्या राण्यांचंही तेच. १८१९ ते १९२६ या काळात, मधली काही वर्षं सोडली तर, भोपाळवर चार बेगमांनी राज्य केलं. संस्थानात त्यांचा शब्द चाले, पण १८१८च्या तहाने बाहेरचे संबंध इंग्रजांच्या हाती गेले होते. शाहजहाँ बेगमने ताज-उल-मसाजिद बांधायला घेतली. ती पुरी झाली १९८५ साली. सत्ता होती, पण तिला तहाची, पैशाची, आयुष्याची मर्यादा होती. म्हणून तर त्यांची गोष्ट वाचावीशी वाटते.

खेळ लिहिणाऱ्यांनाही हे उमगलेलं दिसतं. २०१४च्या आवृत्तीत 'वॉरलॉक' हे पात्र एखाद्या परीसत्तेशी करार करून जादू मिळवतं. तिथे महत्त्व कराराला आहे. २०२१च्या 'द वाइल्ड बियॉन्ड द विचलाइट' या मोहिमेत तर परीराज्याची राणीच काळात गोठून पडलेली असते, आणि ती मोहीम हाणामारी न करता पार पाडता येते.

तेव्हा आमच्या राणीसाठी मी तीन गोष्टी लिहून ठेवल्यात. तिच्या जंगलात तिच्यावर कुठलंही शस्त्र चालत नाही. जंगलाबाहेर तिची जादू चालत नाही. आणि दिलेला शब्द तिला मोडता येत नाही, स्वतःचं नुकसान झालं तरी. आईचा आवाज परत मागता येईल, पण तितकंच मोलाचं काहीतरी देऊन, किंवा राणीच्याच शब्दांत पळवाट शोधून. ती नाही म्हणू शकते. आणि मागणारीही, किंमत ऐकून, मागे फिरू शकते.

तुम्ही खेळ चालवत असाल किंवा कथा लिहीत असाल, तर राणीचे हिट पॉइंट ठरवण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: 'हिला हे करता येत नाही.' त्या वाक्यातूनच बाकीच्या पात्रांना वाट सापडते.