वसईची सुकेळी : वाळवणातील दक्षता

वसई तालुक्यातील राजेळी केळी पूर्वीपासून नावाजलेली आहेत. आगाशीच्या सुक्या केळ्यांना मुंबईच्या बाजारात मोठे नाव असल्याची नोंद १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये आढळते. आज अनेक वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आहेत. म्हणून उरलेल्या बागांतील एकही घड वाया जाऊ न देणे अगत्याचे आहे.

लागवडीसाठी निरोगी झाडाचा, अरुंद पानांचा मुनवा निवडावा. घड जड होताच झाडास टेकू द्यावा. कच्च्या केळ्यांची भाजी होते. सुकेळ्यांसाठी मात्र पूर्ण पिकलेलीच फळे घ्यावीत.

फळे सोलून, जमिनीपासून उंच बांधलेल्या स्वच्छ मांडवावर एकेरी थरात उन्हात मांडावीत व दुपारी उलटावीत. दव पडण्यापूर्वी ती गोळा करून केळीच्या पानांत झाकून ठेवावीत. रात्रीतून आतील ओल पृष्ठभागावर येते व दुसऱ्या दिवशीच्या उन्हात उडून जाते. हा क्रम सुमारे आठवडाभर चालवावा.

पिकलेल्या गरात सुमारे ७५ टक्के पाणी असते. ते २० टक्क्यांपर्यंत उतरल्यास बुरशीचे भय कमी होते. १०० किलो गरापासून सुमारे ३० किलो सुकेळी मिळतात. वजन याहून फार अधिक भरल्यास वाळवण अपुरे समजावे. पावसाळा जवळ येऊन हवा ढगाळ होताच नवीन फळे सोलू नयेत. घाईने बांधलेले एक ओले केळे संपूर्ण पुडा नासवते.