मनोऱ्याची भीती आणि खिशातला फोन

शेजारच्या गच्चीवर मोबाइलचा मनोरा उभा राहणार म्हटले की गृहसंस्थेची सभा तापते. विरोध करणारे गृहस्थ मात्र तळघरातल्या गोदामात फोन कानाशी धरून तासभर भाव ठरवीत असतात. अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता चौथाईवर येते. शिवाय रेंज क्षीण असेल तेथे फोन अधिक जोराने लहरी सोडतो. म्हणजे डोक्याला अधिक ऊर्जा मिळते ती बहुधा कानाशी धरलेल्या फोनचीच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हटले खरे. पण त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे! २०२४ साली संघटनेनेच करवून घेतलेल्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

खरी जोखीम निराळीच आहे आणि तिची चर्चा सभेत होत नाही. पेसमेकर बसवलेले वडीलधारे सवयीने फोन सदऱ्याच्या डाव्या खिशात ठेवतात. पेसमेकरही बहुधा डावीकडेच असतो. काही नव्या फोनमधील चुंबक त्याच्या कार्यात व्यत्यय आणू शकतात. फोन पेसमेकरपासून निदान १५ सेंटिमीटर दूर असावा आणि बोलताना विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा, असे डॉक्टर सांगतात. झब्ब्याला बाजूचा खिसा असतोच.